आधी चौकशी, मग बडतर्फी

२००५ साली औरंगाबाद महापालिकेने शहरातल्या एका खासगी प्राथमिक शाळेच्या इमारतीचा वापर व्यावसायिक ठरवला आणि ७९,९७४ रुपयांचे कराचे बिल धाडले. इमारत शाळा चालवणाऱ्या कुटुंबातल्याच एका सदस्याची होती. तिचे भाडे सरकारी अनुदानातून त्याच कुटुंबाकडे जात होते. तरी कराचा बोजा शिक्षकांच्या खिशावर आला. मुख्याध्यापिका संस्थेच्या अध्यक्षाही होत्या. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र काढले, की कराच्या भरपाईसाठी प्रत्येकाने महिन्याला १,५०० रुपये द्यावेत. एका शिक्षिकेने नकार दिला. मग तिच्या हातात एकामागून एक मेमो पडू लागले. एकूण पंचवीस.

तिने प्रत्येक मेमोला उत्तर दिले आणि आरोप नाकारले. १४ नोव्हेंबर २००६ रोजी तिला निलंबित करण्यात आले. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी या निलंबनाला मान्यता दिली नाही. संस्थेने तिकडे काणाडोळा केला, चौकशी समिती नेमली आणि जून २००७ मध्ये शिक्षिकेला घरी बसवले. प्रकरण शाळा न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा संस्थेच्या चौकशीचीच चौकशी झाली. आरोप सिद्ध झालेले नाहीत आणि ते सिद्ध करण्याची रीतही पाळलेली नाही, असे ठरवून न्यायाधिकरणाने २००९ मध्ये बडतर्फी रद्द केली. मधल्या काळाच्या पगाराचा वाद मात्र आणखी चार वर्षे चालला आणि थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिटला.

भारतात नोकरीवरून काढायला बंदी नाही. चोरी, अफरातफर, मारामारी, सततची दांडी अशा कारणांसाठी मालक माणसाला बडतर्फ करू शकतो आणि बडतर्फीची हजारो प्रकरणे न्यायालयात टिकलेलीही आहेत. कायदा मालकाला विचारतो ते वेगळेच. आरोप लेखी दिला होता का? माणसाला बोलू दिले का? साक्षीदार त्याच्यासमोर आले का? निर्णय देणारा माणूस या भांडणापासून अलिप्त होता का? बडतर्फीच्या खटल्यांत मालक हरतात ते बहुतेकदा याच प्रश्नांवर. गुन्हा खरा असला तरी चौकशी कच्ची असेल, तर हातचा खटला जाऊ शकतो.

पाच मुद्दे

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा आला. तोवर बहुतेक गिरण्या-कारखान्यांत जॉबर (मुकादम) किंवा मॅनेजरचा शब्द हाच नियम होता. या कायद्याने मोठ्या कारखान्यांना आपले नियम लिहून काढायला, ते सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायला आणि फाटकाजवळ फलकावर लावायला सांगितले. फलकावरचा मजकूर इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेतही हवा, अशी अट होती. कारखान्याने स्वतःचे आदेश केले नसतील तिथे सरकारचे आदर्श स्थायी आदेश लागू होत. त्यांत गैरवर्तनाची यादी होती. हुकूम मुद्दाम न मानणे, चोरी, लाचखोरी, वारंवार उशिरा येणे, रजेशिवाय दहा दिवसांहून अधिक गैरहजर राहणे, कारखान्याच्या मालाचे मुद्दाम नुकसान करणे. शिक्षा ठरवताना गैरवर्तन किती गंभीर आहे आणि कामगाराची आधीची नोंद कशी आहे, हे दोन्ही पाहावे, असेही त्यांत म्हटले होते.

चौकशी नेमकी कशी करायची, हे मात्र कायद्यापेक्षा न्यायालयांनीच तपशिलाने सांगितले. १९६३ मध्ये सुर एनॅमल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच गोष्टी मांडल्या. कामगाराला आरोप स्पष्ट शब्दांत कळवलेला असावा. साक्षीदारांच्या जबान्या शक्यतो त्याच्यासमोर व्हाव्यात. त्यांची उलटतपासणी घेण्याची योग्य संधी त्याला मिळावी. स्वतःच्या बाजूचे साक्षीदार आणण्याची आणि स्वतः साक्ष देण्याची मुभा त्याला असावी. शेवटी, चौकशी अधिकाऱ्याने आपले निष्कर्ष कारणांसह लिहावेत. साठ वर्षे उलटून गेली, तरी कामगार न्यायालयात बडतर्फीचे प्रकरण उघडले की वकील याच पाच मुद्द्यांवर बोट ठेवतात.

कारखान्यात या प्रकाराला सरळ ‘इन्क्वायरी’ म्हणतात. सुरुवात होते शो-कॉज नोटिशीने किंवा चार्जशीटने. ‘तुमचे वर्तन शिस्तीला धरून नाही’ एवढे लिहिलेली चार्जशीट निरुपयोगी. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर, कोणासमोर आणि काय घडले, हे तिच्यात हवे. उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर कंपनी चौकशी अधिकारी नेमते. अनेकदा हा बाहेरचा वकील असतो आणि त्याचे मानधन कंपनीच देते. तेवढ्याने तो पक्षपाती ठरत नाही, असे न्यायालयांनी म्हटले आहे. कंपनीची बाजू मांडणारा अधिकारी वेगळा असतो. कामगाराच्या बाजूने एखादा सहकारी किंवा तो ज्या युनियनचा सभासद आहे तिचा पदाधिकारी बसतो. प्रत्येक दिवसाचे कामकाज लिहून काढले जाते आणि पानापानावर सगळ्यांच्या सह्या घेतात. पुढे खटला उभा राहतो तो याच कागदांवर. वाचून न दाखवता सही घेतली, मराठी किंवा हिंदीच समजणाऱ्या माणसापुढे सगळे इंग्रजीत उरकले, तारीख बदलून मागितली तरी त्याच दिवशी एकतर्फी चौकशी संपवली, अशा गोष्टी तिथेच सापडतात.

मात्र ही चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. पुराव्याचा कायदा इथे काटेकोरपणे लागू होत नाही आणि निःसंशय पुराव्याचीही गरज नसते. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात फिरत्या पथकाला पैसे देऊनही तिकीट न मिळालेले प्रवासी सापडले होते. चौकशीत त्या प्रवाशांना बोलावलेच नाही, असा कंडक्टरचा आक्षेप होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. समंजस माणूस विश्वास ठेवेल असा काही पुरावा असला, की पुरे. प्रवाशांना शोधत फिरण्याची सक्ती पथकावर करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. एसटीच्या कितीतरी कंडक्टरांची प्रकरणे पुढे याच निकालाच्या आधाराने निकाली निघाली.

फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश

चौकशी कशी नसावी, याचा नमुना म्हणून उत्तर बंगालमधल्या मीनग्लास चहामळ्याचे प्रकरण दाखवले जाते. मॅनेजर आणि त्याचे सहायक यांना घेरून मारहाण केल्याचा आरोप मजुरांवर होता. ज्यांच्यावर हल्ला झाला म्हणत होते, तेच चौकशीला बसले. मजुरांपुढे एकही साक्षीदार तपासला गेला नाही. त्यांना प्रश्न विचारले, उत्तरे लिहून घेतली आणि काढून टाकले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकशी मोडीत काढली. मारहाण झाली असेलही. पण ज्याला उत्तर द्यायचे आहे, त्याला आरोपाबरोबरच आरोपामागचा पुरावाही कळला पाहिजे, असा त्या निकालाचा गाभा आहे.

त्याच सुमारास असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या प्रकरणात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सातारचे गजेंद्रगडकर पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, आणि पन्नास-साठच्या दशकांतल्या औद्योगिक कायद्यावर त्यांचा मोठा ठसा आहे. चौकशीत पहिल्याच दिवशी कामगारालाच उभे करून त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करणे गैर आहे, असे त्यांनी म्हटले. आधी कंपनीने आपला पुरावा मांडावा, मग कामगाराला विचारावे. अनेक कारखान्यांत उलटा क्रम रूढ होता. ‘तू हे केलेस की नाही?’ या प्रश्नाने सुरुवात होई आणि घाबरलेल्या माणसाच्या अर्धवट कबुलीवर सगळे प्रकरण उभे राही. घटना ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्यानेच चौकशी अधिकारी होऊ नये, हेही त्यांनी त्याच निकालात सांगितले.

मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमधला वाद वकिलावरून पेटला. ट्रस्टने आपली बाजू मांडायला कायद्याचे शिक्षण घेतलेले दोन अधिकारी नेमले. कर्मचाऱ्याने वकील मागितला, तेव्हा मात्र त्याला नकार मिळाला. समोर दोन कायदेतज्ज्ञ आणि इकडे एकटा कर्मचारी, ही लढत बरोबरीची नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही ठरवले. एरवी चौकशीत वकील हा कामगाराचा हक्क नाही. स्थायी आदेश परवानगी देतील तेवढेच त्याला मिळते. पण मालकाने स्वतः कायदा जाणणारा माणूस बसवला, की पारडे समतोल करावे लागते.

महिन्याला एक रुपया

निलंबनाच्या काळात माणूस कामावर नसतो, पण नोकरीत असतो. दुसरीकडे नोकरी धरता येत नाही. म्हणून त्याला निर्वाह भत्ता मिळतो. स्थायी आदेशांच्या जुन्या कायद्यापासून चालत आलेले प्रमाण असे: पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, आणि चौकशी त्याच्यामुळे लांबली नसेल तर त्यापुढे ७५ टक्के.

सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्रात एके काळी फार अजब तरतूद होती. फौजदारी खटल्यात शिक्षा होऊन अपील प्रलंबित असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला महिन्याला एक रुपया निर्वाह भत्ता द्यावा, असा मुंबई नागरी सेवा नियमांत नियम होता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एका रुपयात महिना कसा काढायचा, याचे उत्तर राज्य सरकारकडे असणे शक्यच नव्हते.

भत्ता दिला नाही, तर चौकशीच कोसळू शकते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत एक सुरक्षा अधिकारी होता. २ जून १९८५ रोजी पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला आणि साडेचार ग्रॅम सोने व १,२७६ ग्रॅम सोनेयुक्त वाळू सापडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो निलंबित झाला. पोलिसांचा खटला आणि कंपनीची चौकशी एकाच घटनेवर समांतर चालू झाली. भत्ता न मिळाल्याने तो केरळात आपल्या घरी गेला. चौकशीसाठी शेकडो किलोमीटरवर यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. आजारी असल्याची वैद्यकीय प्रमाणपत्रेही त्याने पाठवली. चौकशी एकतर्फी झाली आणि जून १९८६ मध्ये तो बडतर्फ झाला. पुढच्या फेब्रुवारीत फौजदारी न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. छापाच सिद्ध झाला नव्हता. तरी कंपनी बडतर्फीवर अडून राहिली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत कामावर घ्यायला लावले. भत्ता अडवून माणसाला हजर राहणेच अशक्य करायचे आणि मग तो आला नाही म्हणून एकतर्फी निकाल द्यायचा, याला चौकशी म्हणता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. पुरावा, साक्षीदार आणि घटना एकच असताना फौजदारी न्यायालयाने एक म्हणावे आणि कंपनीने उलटे, हेही न्यायालयाला मान्य झाले नाही.

अहवालाची प्रत

चौकशी संपते, अधिकारी अहवाल लिहितो आणि तो थेट साहेबांच्या टेबलावर जातो. कामगाराच्या हाती येते ते बडतर्फीचे पत्र. कितीतरी वर्षे हीच रीत होती. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात १ ऑक्टोबर १९९३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती स्पष्टपणे चुकीची ठरवली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी लिहिला. चौकशी अधिकारी आणि शिक्षा देणारा अधिकारी वेगळे असतील, तर शिक्षेचा निर्णय होण्याआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडायची संधीही मिळाली पाहिजे. त्याने प्रत मागितली नसली, तरीही. कारण निर्णय देणाऱ्याच्या मनावर परिणाम करणारा कागद दुसऱ्या पक्षाला न दाखवणे अन्याय आहे.

याच निकालाची दुसरी बाजू अनेकदा विसरली जाते. प्रत दिली नाही, एवढ्याने माणूस आपोआप कामावर परत येत नाही. प्रत न मिळाल्याने त्याचे खरोखर काही नुकसान झाले का, हे न्यायालय पाहते. प्रत मिळाली असती तरी निकाल तोच लागला असता असे दिसले, तर शिक्षा कायम राहते. प्रक्रियेतली प्रत्येक चूक म्हणजे कामगाराचा विजय, असे समीकरण कायद्यात नाही.

मालकांना आणखी एक संधी असते, आणि ती अनेक कामगारांना धक्का देऊन जाते. कामगार न्यायालयाने चौकशी सदोष ठरवली, तरी मालक तिथेच, न्यायालयापुढे, नव्याने पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करू शकतो. फायरस्टोन टायर कंपनीच्या प्रकरणात १९७३ मध्ये हे स्पष्ट झाले. मात्र ही मागणी वेळेवर, आपल्या कैफियतीतच करायला हवी, हेही न्यायालयांनी पुढे ठरवले. म्हणून हुशार व्यवस्थापन पहिल्याच उत्तरात ती ओळ घालून ठेवते.

लोखंडी पत्र्यावरची झोप

१५ डिसेंबर १९७१ पासून औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ लागू झाले. त्याआधी न्यायाधिकरणाच्या हातात मोजकेच अधिकार होते. मालकाचा हेतू वाईट होता, कामगाराला मुद्दाम लक्ष्य केले, चौकशीत नैसर्गिक न्याय पाळला नाही किंवा निष्कर्षाला कसलाच आधार नव्हता, एवढेच त्याला पाहता येई. शिक्षा किती, हा मालकाचा प्रश्न होता. नव्या कलमाने बडतर्फी जड वाटली तर ती कमी करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला दिला.

शिक्षा कमी करण्याच्या अधिकाराची मर्यादा पुण्याच्या भारत फोर्जमधल्या एका प्रकरणात दिसली. २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी पावणेबाराच्या सुमारास एक हेल्पर आपल्या कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. आधी तीन वेळा त्याच्यावर गैरवर्तन सिद्ध होऊन किरकोळ शिक्षा झाली होती. चौकशी झाली, आरोप सिद्ध झाला, तो बडतर्फ झाला. कामगार न्यायालयाने चौकशी योग्य मानली, पण झोपेपायी नोकरी घालवणे ही फार मोठी शिक्षा, असे म्हणून त्याला निम्म्या मागील पगारासह परत घ्यायला सांगितले. प्रकरण औद्योगिक न्यायालय, उच्च न्यायालय असे वरखाली होत राहिले. शेवटी जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीची नोंद लक्षात घेऊन बडतर्फी कायम केली. घटनेपासून निकालापर्यंत २१ वर्षे गेली. कंपनीच्या बाजूने पाहिले तर चौकशी नीट होती, आरोप खरा होता, तरी दोन दशके वकील द्यावा लागला. कामगाराच्या बाजूने पाहिले तर त्याच्या कमावत्या वयाची तेवढीच वर्षे न्यायालयाच्या तारखांत गेली.

महाराष्ट्रात याच काळात आणखी एक शस्त्र कामगाराच्या हाती आले होते. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा राज्याचा १९७१ चा कायदा. ८ सप्टेंबर १९७५ पासून तो लागू झाला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिली नोंद बडतर्फीविषयी आहे आणि ती वाचली की कारखान्यांत काय काय चालायचे, याचा अंदाज येतो. सूडबुद्धीने काढणे. खोट्या फौजदारी प्रकरणात गोवून काढणे. उघड खोटी कारणे देणे. रजेशिवाय गैरहजर राहिल्याचा बनावट आरोप करणे. नैसर्गिक न्याय पार धाब्यावर बसवून किंवा घाईघाईने चौकशी उरकणे. किरकोळ किंवा तांत्रिक चुकीसाठी, आधीची नोंद न पाहता, धक्कादायक शिक्षा देणे. यातले काही घडले की कामगाराला, वाद न्यायालयाकडे सोपवणाऱ्या सरकारी संदर्भपत्राची वाट न पाहता, ९० दिवसांच्या आत थेट न्यायालयात तक्रार करता येई आणि अंतरिम आदेशही मागता येई. केंद्राच्या कायद्यात अशा अनुचित प्रथांची यादी यायला १९८० चे दशक उजाडले.

मधल्या वर्षांचा पगार

बडतर्फी रद्द झाली, तरी मोठा प्रश्न उरतो. मधल्या वर्षांच्या पगाराचे काय? मालकांचा ठरलेला सवाल असतो. काम केले नाही, मग पगार कशाचा? कामगाराचा प्रतिसवालही ठरलेला. कामावर यायची माझी तयारी होती, फाटक तुम्ही बंद केले. १९७९ मध्ये हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण मागील पगार हा सर्वसाधारण नियम मानला. पुढे, विशेषतः दोन हजार सालानंतर, न्यायालयांचा कल बदलला. पगाराऐवजी एकरकमी भरपाई देऊन प्रकरण मिटवण्याकडे ओढा वाढला.

औरंगाबादच्या शिक्षिकेलाही हाच फटका बसला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०११ मध्ये मागील पगाराचा आदेश काढून टाकला. ती मधल्या काळात दुसरीकडे कमावत नव्हती, याचा पुरावा तिने दिला नाही, हे त्यामागचे कारण. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधिकरणाचा आदेश जसाच्या तसा परत आणला. न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि व्ही. गोपाल गौडा यांच्या पीठाने नियम पुन्हा स्पष्ट केला. कर्मचाऱ्याने ‘मी दुसरीकडे नोकरीत नव्हतो’ असे सांगितले की त्याचे काम झाले. तो कमावत होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यापुढे मालकाची. ज्याने बेकायदा काढले, त्या मालकाला मागील पगारातून सूट देणे म्हणजे चुकीच्या कृतीला बक्षीस देणे, हा त्या निकालाचा सूर होता. बडतर्फीच्या खटल्यांत आज सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निकालांत तो आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एसटीच्या एका ड्रायव्हरच्या प्रकरणातही तो कामी आला. १९९६ मध्ये त्याच्या बसची आणि ट्रकची टक्कर झाली, जीवितहानी झाली आणि चौकशीनंतर महामंडळाने त्याला बडतर्फ केले. पण अपघातग्रस्तांच्या भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे आला, तेव्हा हेच महामंडळ म्हणाले, चूक ट्रकवाल्याची, आमच्या ड्रायव्हरची नाही. न्यायाधिकरणानेही तसेच ठरवले. एका दारात ड्रायव्हर निर्दोष आणि दुसऱ्या दारात दोषी, हे सर्वोच्च न्यायालयाला पटले नाही. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या पीठाने बडतर्फीपासून निवृत्तीच्या वयापर्यंतच्या पगारापैकी ७५ टक्के रक्कम द्यायला सांगितले. निकाल लागला तेव्हा ड्रायव्हरच्या निवृत्तीचे वय उलटून गेले होते.

कुंपणाबाहेरचे

औद्योगिक कायद्यांचे हे संरक्षण ‘कामगार’ या कायदेशीर व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापक त्यात येत नाहीत. देखरेखीचे काम करणारा ठरावीक पगाराच्या वर गेला की तोही बाहेर. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०,००० रुपये होती, नव्या संहितेत ती १८,००० आहे. सरकारी नोकराला घटनेच्या कलम ३११ चे कवच आहे. सरकारी कंपन्यांना मनमानी करता येत नाही. कलकत्त्याच्या जलवाहतूक महामंडळाचा, तीन महिन्यांची नोटीस देऊन कारण न सांगता कोणालाही काढण्याचा नियम १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. खासगी कंपनीतल्या मॅनेजरला मात्र यातले काहीच नाही. त्याच्यापाशी असतो फक्त करार. करारात लिहिलेल्या नोटिशीचा पगार मिळाला की सहसा विषय संपतो. वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने अमलात आणायला दिवाणी न्यायालये तयार नसतात. फार तर नुकसानभरपाई मिळते.

आयटी कंपन्यांत तर बडतर्फीचे पत्र क्वचितच निघते. निघतो तो राजीनामा. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्रातल्या एका संभाषणाची ध्वनिफीत समाजमाध्यमांवर फिरली होती. मनुष्यबळ विभागातली व्यक्ती कर्मचाऱ्याला सांगत होती, की खर्चकपात चालू आहे आणि उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, नाहीतर तुम्हाला काढले जाईल. फीत देशभर गाजली, आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. पण ज्याने स्वतःच्या हाताने राजीनामा लिहून दिला, त्याला पुढे तो दबावाखाली दिल्याचे सिद्ध करावे लागते. चार्जशीट नाही, साक्षीदार नाही, अहवाल नाही. बंद खोलीतल्या संभाषणाचा पुरावा बहुतेकांकडे नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४६ चा स्थायी आदेशांचा व १९४७ चा औद्योगिक विवादांचा हे जुने कायदे औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाले. निलंबनानंतर चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवावी, असे संहिता सांगते. वर्षानुवर्षे निलंबित राहणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. निर्वाह भत्त्याचे ५० आणि ७५ टक्के तिने कायम ठेवले. शिक्षा कमी करण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकारही राहिला आहे. दुसरीकडे, वैयक्तिक बडतर्फीचा वाद नेण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.

मोठा बदल मात्र फाटकाजवळच्या त्या फलकाचा आहे. स्थायी आदेशांची सक्ती केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून होती, महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने ती ५० वर आणली होती. नव्या संहितेत ती ३०० कामगारांपासून सुरू होते. भोसरीच्या किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या साठ-सत्तर माणसांच्या वर्कशॉपला गैरवर्तनाची लेखी यादी, चौकशीची लेखी रीत, प्रतिनिधी कोण असावा याचा लेखी नियम, यांपैकी काहीही बाळगण्याची सक्ती या संहितेत नाही. तिथल्या कामगाराला बडतर्फीविरुद्ध दाद मागता येते, आणि चौकशी न्याय्य होती का हे तपासायला न्यायाधिकरणाकडे १९६३ चे ते पाच मुद्दे आहेतच. पण चार्जशीट हातात पडते त्या दिवशी आपले हक्क कोणते, हे आता त्याला फाटकावर वाचून कळणार नाही. त्यासाठी युनियनचे किंवा वकिलाचे दार गाठावे लागेल, आणि साठ-सत्तर माणसांच्या वर्कशॉपमध्ये सहसा युनियन नसते.